मारिसेलाचा परवाना

नर एल्कच्या, म्हणजे सांबरापेक्षाही थोराड हरणाच्या, शिकारीचा परवाना सोडतीत लागावा म्हणून मी, ओरिन टकर, सतरा वर्षं अर्ज करत होतो. अखेर लागला, तेव्हा माझ्या छातीत पेसमेकर बसलेला! "चाला हवं तेवढं, पण खांद्याला बंदुकीचा दणका नको," डॉक्टरांनी बजावलं. आमच्या ॲरिझोनात असा परवाना अपंग माजी सैनिकाला देता येतो. मी सही केली आणि वाटाड्या म्हणून सोबत जायचं ठरवलं.

परवाना मिळालेली मारिसेला किंतेरो चौतिशीची होती. सैन्यात ट्रक चालवताना झालेल्या स्फोटात तिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता.

"मला दया नकोय, म्हातारबा," भेटताक्षणीच ती म्हणाली.

"दया कुठली? सतरा वर्षं वाट पाहिलीय. कुणीतरी डोंगर चढायला नको का?"

ती हसली. दोन दिवस आम्ही पाइनच्या रानात खुरांचे माग काढत हिंडलो. चढावर तिचा नकली पाय घसरायचा, आणि धाप लागायची मला!

तिसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडून नराची लांबलचक आरोळी आली. ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. मी पुढे झालो. वरच्या डोंगरावर काळे ढग कोसळत होते, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

"म्हातारबा, मागे फिर!"

गडगडाट झाला. तांबडं पाणी वळणावरून उसळत आलं! माझे पाय उखडले. मी एका फांदीला लोंबकळलो. मारिसेला काठावर पालथी पडली, नकली पाय दोन खडकांच्या फटीत घट्ट अडकवला आणि हातातली काठी पुढे केली.

"धर! सोडलीस तर मीच तुला गोळी घालीन!"

मी धरली. तिने ओढलं. कडाड्! काहीतरी मोडलं, पण ती ओढतच राहिली. मी चिखलात येऊन पडलो. तिच्या नकली पायाचं पाऊल घोट्यातून तुटून वाहून गेलं होतं.

आम्ही धापा टाकत होतो, तेवढ्यात झाडीतून तो नर बाहेर आला. पुराला बुजून खालच्या अंगाने ओढा ओलांडून अलीकडे आला असावा. दीडशे पावलांवर, ओलेत्या अंगातून वाफ निघतेय, शिंगं पाठीपर्यंत गेलेली! मारिसेलाने पडल्या पडल्या नेम धरला.

तिने बंदूक खाली केली.

"काय झालं?" मी कुजबुजलो.

"गाडी अडीच मैलांवर. आपल्या दोघांत मिळून धड पाय तीन, आणि तूही असा भिजलेला. एवढं मांस कोण नेणार? कुजायला टाकून जायचं असेल तर मारू कशाला?"

एल्क शांतपणे झाडीत शिरला.

फांदीची कुबडी करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून आम्ही निघालो. पडलो, उठलो, शिव्या घातल्या. सूर्य बुडता बुडता गाडी दिसली. सीटवर टेकल्यावर मी म्हणालो,

"माफ कर, पोरी. तुझी शिकार माझ्यापायी गेली."

"गेली? परवाना रविवारपर्यंत आहे ना?"

"आहे."

"घरी माझा जुना पाय पडलाय. थोडा चावतो, पण चालतो. मांस वाहायला दोन्ही भावांना बोलावते." तिने चिखलाने माखलेलं तोंड बाहीने पुसलं. "आणि म्हातारबा, यापुढे ओढ्यात आधी मी उतरणार!"