मिश्र म्हणा, विषय संपला

विशाखानं आठ दिले होते. त्या आठावर कुणीतरी हिरव्या शाईनं आडवी रेघ मारून शेजारी तीन लिहिले होते. दहापैकी तीन. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

मे महिन्याची दुपार होती. पेपर तपासणीसाठी घेतलेल्या त्या लांबलचक हॉलमध्ये एकच कूलर होता आणि तोही हवा कमी, आवाज जास्त अशा तऱ्हेचा. विशाखा चिकलठाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायची. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर कुणीच नाही. असल्या माणसानं गुण फेरतपासणाऱ्या मॉडरेटरच्या टेबलाशी जाऊन जाब विचारायचा नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती उत्तरपत्रिका घेऊन तरातरा गेली.

“हे तीन तुम्ही दिलेत?”

हिरव्या पेनाचा मालक तिला वाटला होता तसा टकला, सुपारी चघळणारा वगैरे नव्हता. तिशीतला, उन्हानं रापलेला, चष्मा कपाळावर ढकललेला. समोरच्या कागदावर नाव होतं – अजिनाथ. पैठणच्या कॉलेजातला कायम प्राध्यापक.

“बसा ना मॅडम.”

“बसायला नाही आले.”

“मग उभ्यानं भांडू,” तो म्हणाला आणि खरंच खुर्ची सरकवून उभा राहिला.

प्रश्न असा होता : कम्युनिस्ट राजवटीखालची मिश्र अर्थव्यवस्था समाजवादी की भांडवलशाही? चीनच्या संदर्भात चर्चा करा. नमुना उत्तरात एका ओळीत निकाल लावलेला होता – ‘समाजवादी बाजार अर्थव्यवस्था’. आणि या कुण्या पोरीनं किंवा पोरानं सरळ लिहिलं होतं : भांडवलशाही.

“वाचलंत तरी का?” विशाखानं पानावर बोट ठेवलं. “जमीन सरकारची, मोठ्या बँका सरकारच्या, हे सगळं लिहिलंय. मग विचारलंय, कामगाराला स्वतःची संघटना काढता येत नाही, मालकाला जाब विचारता येत नाही, तर ज्याच्या नावानं राज्य चालतं त्याच्या हातात आहे काय? आमच्या गावच्या सहकारी डेअरीच्या पाटीवरही सभासदांची मालकी लिहिलीय, म्हणतेय ती. याला तीन?”

“ती कशावरून? तो असेल.”

“विषय बदलू नका.”

“बरं,” अजिनाथ म्हणाला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं… “पण भांडवलशाहीत पैसेवाला सरकारला नाचवतो. तिथं उलटं. कितीही मोठा व्यापारी असू द्या, पक्षानं डोळे वटारले की गप. मग ती भांडवलशाही कशी?”

“म्हणजे मालक बदलला. राबणारा तोच राहिला ना?”

त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मग खांदे उडवत म्हणाला, “नावात काय अडलंय मॅडम? मिश्र म्हणा, विषय संपला.”

“उत्तर द्यायचं नसलं की लोक मिश्र म्हणतात,” विशाखा म्हणाली. “मलाही हे उत्तर पूर्ण पटलेलं नाही. पण या लेकरानं डोकं चालवलंय, आणि तुम्ही नुसती पाटी वाचलीत.”

अजिनाथनं पुन्हा पान वाचलं. या वेळी सावकाश. मग हिरवं पेन उघडून तीन खोडले आणि पाच लिहिले.

“पाच? आठ आणि तीनच्या मधलं काहीतरी? हे मार्कसुद्धा मिश्रच?”

तेव्हा तो हसला, आणि त्याचं ते हसू बघून विशाखाचा राग दुप्पट झाला. कारण हसू छान होतं. त्यानं पाच खोडून आठ लिहिले. “चहा घेणार का? लई तापलाय तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की कूलरचं तोंड तिच्या रांगेकडं वळलेलं आहे. तिनं मान वर केली तर अजिनाथ अगदी गंभीरपणे कुठलीतरी बेरीज करत होता. बेरीज इतकी गंभीरपणे कुणी करत नाही.

मग रोज चहा, आणि रोज तेच भांडण. तो धनगराच्या घरातला. वडील, त्रिंबक, अजून मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. “आमच्या वाड्यात, म्हणजे मेंढपाळांच्या तांड्यात, मेंढरं ज्याची त्याची,” तो सांगायचा, “राखण सगळ्यांची, आणि उद्या कुठल्या रानात उतरायचं ते एकटा म्होरक्या ठरवणार. सांगा, समाजवाद की भांडवलशाही?”

“म्होरक्याला कोण निवडतं?”

“त्याचा बाप म्होरक्या व्हता म्हणून तो.”

“आणि बायकांना विचारतात का, कुठं उतरायचं ते?”

“बायका विचारायची वाट बघत नाय, त्या सांगतात,” तो म्हणाला. “आमची आई तर…” आणि तो थांबला, तिच्याकडं बघत राहिला, चहावर साय धरली तरी.

तपासणी संपली. भांडण संपलं नाही, हे बरंच झालं. संध्याकाळी फोन, रविवारी भेट. मॅडमचं विशाखा झालं, तुम्हीचं तू झालं. हिवाळ्यात जायकवाडीच्या पाण्यावर पाखरं उतरलेली बघत असताना त्यानं तिचा हात धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दोघंही चीनबद्दल काही बोलले नाहीत.

“आईकडं येतेस?” पुढच्या आठवड्यात त्यानं विचारलं.

ती निघाली. नवा कुर्ता, आईनं बांधून दिलेले शेंगदाण्याचे लाडू, मोटरसायकलवर मागं बसून गार वारा. बिडकीनला चहाला थांबले तेव्हा अजिनाथ चमच्यानं कपात उगाच ढवळत बसला. साखर केव्हाच विरघळली होती.

“विशाखा… आईला सध्या एवढंच सांगू, कॉलेजातल्या मॅडम हायेत. आडनाव विचारलंच तर नुसतं बजाजनगरला घर हाय म्हण. बौद्ध वगैरे आत्ताच कशाला? हळूहळू सांगू.”

तिनं कप खाली ठेवला.

“बौद्ध वगैरे?”

“तसं नाय म्हणायचं मला–”

“तसंच म्हणायचंय. हे नाव आम्हाला कुणी दिलं नाही, आम्ही घेतलंय. माझ्या आजीनं घेतलं. ते मी तुझ्या आईच्या दारात चपलेसारखं काढून ठेवू? आणि हे ठरवलं कुणी? तू. माझ्या नावाचं काय करायचं ते तू एकट्यानं ठरवलंस, आणि मला चहाच्या टपरीवर कळवतोयस. म्होरक्याच की तू.”

“थोडा वेळ दे ना. मधला काहीतरी मार्ग–”

“तुला प्रत्येक गोष्टीत मधलंच पाहिजे, अजिनाथ. माझ्यात मधलं काही नाही.”

ती रस्ता ओलांडून गेली आणि समोरून आलेल्या एसटीत चढली. लाडूंचा डबा टपरीवरच राहिला. खिडकीशी बसल्यावर तिला रडू आलं, आणि आपण अशा माणसासाठी रडतोय याचा पुन्हा संताप आला. प्रेम केलं म्हणून कुणी आपल्याला लपवावं? ज्याला आपली लाज वाटते त्यानं हात तरी का धरावा? घरी पोचेपर्यंत तिनं मनातल्या मनात त्याला शंभरदा नापास केलं.

त्याचे फोन आले; तिनं घेतले नाहीत. मग फोन यायचे थांबले, आणि ते जास्त झोंबलं.

एका रविवारी दुपारी बजाजनगरच्या घरात आई, भामाबाई, भाकरी थापत होती. दारात अजिनाथ उभा राहिला. हातात लाडूंचा रिकामा डबा, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र चुरगळलेला. विशाखाकडं न बघता तो थेट भामाबाईंसमोर जाऊन बसला.

“मावशी, मी अजिनाथ. धनगराचा. मला तुमच्या लेकीशी लग्न करायचंय. ती कोण, कुठली, सगळं घरी सांगितलंय. वडील म्हणाले, तुझं तू बघ. आई… आई बोलत नाय माझ्याशी.”

भामाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. उलटली. फुगेपर्यंत वाट बघितली.

“समदं खरं,” त्या म्हणाल्या. “पर तिला इचारलं का?”

अजिनाथनं खरंच विचारलं नव्हतं. इतके महिने भांडला, हात धरला, घरी जाऊन जिवावर उदार होऊन सगळं सांगितलं, आणि जिच्याशी लग्न करायचं तिलाच विचारायचं राहून गेलं होतं. विशाखाला इतका राग आला की हसू फुटायच्या बेतात आलं. तिनं ते मोठ्या कष्टानं दाबलं.

तो तिच्याकडं वळला. “विशाखा, माझं चुकलं. बिडकीनला चुकलं आणि आत्ताही. माझ्याशी लग्न करशील का?”

“आधी जेव,” ती म्हणाली. “उपाशी माणसाला मी उत्तर देत नाही.”

भामाबाईंनी ताट वाढलं – भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. त्यानं पहिला घास मोडला आणि फोन वाजला. पडद्यावर ‘आई’. विशाखाला वाटलं, हा आता बाहेर जाऊन बोलणार. उष्ट्या हातानं घेता येईना म्हणून की मुद्दाम, कोण जाणे, त्यानं फोन तिथंच जमिनीवर ठेवून स्पीकर लावला.

“कुठं हायेस रं?” अजिनाथच्या आईचा, राजाबाईंचा, आवाज खरखरीत होता.

“बजाजनगरला. विशाखाच्या घरी.”

 पलीकडून मेंढरांची दूरची ओरड ऐकू आली.  भामाबाई तव्याकडं बघत राहिल्या.

“जेवलास का तिथं?”

हा प्रश्न काय आहे ते त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होतं. भामाबाईंच्या आईच्या दारात आलेल्याला हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण तिच्या हातचं कुणी खात नाही हे ठरलेलंच असायचं.

“जेवायलाच बसलोय,” अजिनाथ म्हणाला. “घास हातात हाय.”

 मग राजाबाईंनी घसा खाकरला.

“मग नीट जेव. लाजू नगंस. आन् ते लाडू कुणी केलते, त्यांना इचार, गूळ कुठला व्हता.”

फोन बंद झाला. भामाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि धुराला नावं ठेवली. गॅसच्या शेगडीला धूर कुठला? विशाखानं तव्यावरची गरम भाकरी उचलून अजिनाथच्या ताटात टाकली.

“हो,” ती म्हणाली.

“अगं, एक हाय अजून ताटात. आन् ‘हो’ कशाला?”

“लग्नाला हो. भाकरीचं कोण विचारतंय तुला?”