तीन नंबरची खोली

जळगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हवा तपासणारा एकच सेन्सर उरला होता, आणि तोही दुकानदारानं शेजारी उभ्या तरुणाच्या हातावर ठेवला.

"मला द्याल तो? रावेरहून आलेय," हेमांगी म्हणाली.

"एवढ्या लांबून? कशाला हवाय?"

"आमच्या केळी पिकवायच्या खोलीत… भूत आहे म्हणतात."

तो हसला नाही. तेच तिला आवडलं.

"भुताचं मला कळत नाही. पण बंद खोलीतली हवा बिघडली असेल, तर हा सांगेल. जोडून देऊ?"

त्याचं नाव बुद्धभूषण. डिप्लोमा झालेला, फावल्या वेळात अशीच यंत्रं जुळवणारा. दुसऱ्या दिवशी तो रावेरला आला.

तीन नंबरच्या खोलीत केळीचे क्रेट छतापर्यंत रचलेले. गार काळोख, गोडूस वास. आत गेलं की डोकं जड होतं, दिवा आपोआप मालवतो, असं बायका सांगत. मजूर तिकडे फिरकेनासे झाले होते.

बुद्धभूषणनं सेन्सर सुरू करून आधी बाहेर तापू दिला. "मोकळ्या हवेचा आकडा कळला की आतला ताडून बघायचा. स्वस्तातला आहे, कोणता वायू ते सांगत नाही. हवा बिघडली, एवढंच."

हेमांगी वाकून बघू लागली. आकडा टुणकन वर गेला.

"अगंबाई!"

"तुमच्या अत्तराला बिचकला तो."

"म्हणजे मी बिघडलेली हवा?"

"त्याच्यासाठी. माझ्यासाठी…" तो उगाच वायर सोडवू लागला.

सेन्सर आत सोडून त्यांनी दार लावलं. बाहेरच्या पडद्यावर आकडा चढू लागला… चढतच राहिला. बझर किंचाळला. आणि आतून दार खरवडल्याचा आवाज आला. हळू. नखांनी ओरबाडल्यासारखा.

"आत कोणी नाहीये," हेमांगी दारापासून मागं सरली. "कोणीच नाहीये, भूषण…"

"मागं दुसरं दार आहे?"

ती धावली. मागच्या दाराशी त्यांच्याकडे कामाला असलेल्या झुंबरबाईच्या चपला! भुताला दिवा लावायला म्हातारी गुपचूप आत गेली होती.

"दोन्ही दारं उघडा!" तो ओरडला. हवा खेळू लागताच दोघांनी श्वास रोखला, आत शिरले, आणि पुढच्या दाराशी कोसळलेल्या झुंबरबाईला ओढत बाहेर आणलं.

बऱ्याच वेळानं म्हातारीनं डोळे उघडले. "माय, माले वाटनं, छातीवर कोनी बसेल शे…"

छातीवर कोणी नव्हतं. पिकणारी केळी खोलीतला प्राणवायू खात होती, आणि हवा काढणाऱ्या पंख्याच्या नळीत पाखरांनी घरटं केलं होतं. हेमांगीच्या वडिलांनी, आबांनी, झुंबरबाईला दवाखान्यात नेलं. अंगणात दोघंच उरले.

"पंखा सुरू झाला की माझं काम संपलं," बुद्धभूषण म्हणाला.

"कामाचं कोण विचारतंय?"

त्यानं हातातला सेन्सर खाली ठेवला. "हेमांगी, तुम्ही मला आवडता. पण आमचं घर वेगळं, तुमचं वेगळं. तुमच्या आबांना चालेल?"

"आबांना अवघड जाईल. मलाही भीती वाटते." तिनं त्याचा हात धरला. "पण उद्या या. समोर बसून सांगू. तुम्ही अडखळलात, तर मी बोलेन."

"आणि तुम्ही अडखळलात तर?"

"तर दोघं मिळून अडखळू."

तो हसला. तिनं त्याचा हात सोडला नाही.