तीन नंबरची टाकी

"माझी टाकी कुणी रिकामी केली, एवढंच सांगा," म्हातारे मालक म्हणाले. "पुढचं मी बघतो."

पुढचं त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. वाइनचं तळघर सांभाळणाऱ्या मुकादमाला संध्याकाळपर्यंत घराबाहेर काढायचं. माणूस घरात तीस वर्षांचा जुना, पण परवाच दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं.

मावशींनी नुसती मान डोलावली. खाजगी तपासाचं काम त्या वीस वर्षं करत होत्या आणि त्यांचा चाळिशीतला भाचा वीस वर्षं त्यांची गाडी चालवत होता. डोक्यानं तो बेताचाच.

मालकांच्या आजोबांचा द्राक्षांचा ओसाड मळा मालक आणि त्यांची मुलगी या बापलेकीनं सहा वर्षं खपून पुन्हा उभा केला होता. जुन्या वेलींची पहिली वाइन तीन नंबरच्या टाकीत होती. उद्या व्यापारी ती चाखायला येणार, आणि काल दुपारी, माणसं मळ्यात असताना, ती सगळी गटारात गेली. घरचा रिवाज कडक होता. मालक 'तयार झाली' म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी वाइन तोंडाला लावायची नाही. रोज सकाळी तेच चाखायचे.

तळघरात टाकीचा खालचा नळ उघडा होता. वरचं झाकण काढून शिडीशेजारी नीट ठेवलेलं. फरशी भरपूर पाण्यानं धुतली होती, तरी गटाराशी चिलटं घोंगावत होती.

"वाइनचा असा आंबूस वास येतो होय?" भाच्यानं नाक मुरडलं.

मालकांचा थोरला मुलगा जमीन विकायच्या मागे लागला होता आणि ते लपवतही नव्हता. पण तळघरात आपण कधी पाऊल टाकलं नाही, असं तो म्हणाला. "नळ सोडला की टाकी रिकामी. त्याला काय अक्कल लागते?"

मुकादम महिनाभर पायाला प्लास्टर घालून खुर्चीत होते. भांडण कशावरून, हे विचारल्यावर ते म्हणाले, "एकदा मला चाखू द्या म्हणालो. एवढंच."

मुलगी स्वयंपाकघरात वडिलांना कॉफी देत होती. शेगडीवर दूध करपलं होतं, खोलीभर जळका वास. मालक शेगडीला टेकून शांतपणे घोट घेत होते. मुलीनं हळूच पातेलं उचललं आणि खिडकी उघडली. मावशींनी सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"भरलेल्या टाकीचा नळ झाकण न काढता सोडला, तर आत हवा शिरत नाही आणि टाकी चेपते. ज्यानं झाकण काढलं त्याला काम येतं. थोरल्यांना हे ठाऊकच नाही. मुकादमांना ठाऊक आहे, पण त्यांना शिडी चढता येत नाही."

उरली एकटी मुलगी.

"पण तिनं आपल्याच पोटावर पाय कशाला द्यावा?" भाचा म्हणाला.

"कारण ती वाइन राहिलीच नव्हती. आंबली होती. एकच माणूस रोज चाखून तिला उत्तम म्हणत होता, आणि त्याला आत्ता करपलेलं दूधही कळलं नाही."

मुलगी रडायला लागली.

"उद्या तुम्ही स्वतःच्या हातानं व्यापाऱ्यांना व्हिनेगर दिलं असतंत, आबा. चारचौघांत हसं झालं असतं तुमचं. मुकादमकाकांवर आळ येईल असं वाटलं नव्हतं. ते निघायच्या आत मी बोलणारच होते."

मालकांनी कप खाली ठेवला. "मला वास येईनासा होऊन आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आता परत यायचा नाही. वाटलं, सवयीनं निभावेल."

"मला सांगायचं होतं ना."

"सांगितलं असतं तर इथं माझं काम काय उरलं असतं, पोरी?"

त्यांनी आधी मुकादमांचे दोन्ही हात धरले आणि चुकलो म्हणाले. मुकादमांनी डोळे पुसले. मग मालक स्वतः तळघरात गेले आणि नव्या वेलींच्या चार नंबरच्या टाकीतून पेला भरून आणला. तो त्यांनी मुलीपुढे धरला.

तिनं घोट घेतला. म्हातारे मालक तिच्या तोंडाकडे बघत होते.

"सांग," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून नको. खरं सांग."