नुसतं ‘वा’

गोष्ट खोटी नाही, पोरांनो. राजवाड्यामागच्या आपल्याच मराठी गल्लीतली आहे, आणि जिच्या बाबतीत घडली ती नित्या अजूनही सकाळी तुमच्यासमोरून स्कूटीवर जाते. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

वैकुंठ एकादशीच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, नित्या ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका गावाहून मंतरलेली विभूती आणायला गेली होती. विभूती हवी होती सासऱ्यांसाठी. तुळजाराम त्यांचं नाव. कपाळभर ओलं कुंकू लावणारी बायको अंबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हातारा एकटा पडला म्हणून मुलगा सतीशकुमार आणि सून नित्या तिरुच्चीचं बिऱ्हाड मोडून इथे राहायला आले. नित्या तमिळ घरची, वडील लहानपणीच गेलेले. ‘मामा, मामा’ करत तिने सासऱ्यांवर लेकीची माया केली. मराठी मात्र तिला पानात वाढण्यापुरतंच कळायचं, म्हणून घरात तिच्याशी तमिळच बोलत.

आता एक गोष्ट त्या दोघांना ठाऊक नव्हती. डॉक्टरांनी अंबाला बजावलं होतं, “यांना उताणं झोपू देऊ नका. उताणं झोपलं की जीभ मागे पडते, घसा मिटतो, श्वास अडतो. कुशीवर असले की वाट मोकळी राहते.” नाकातोंडाला लावायचं यंत्रही सुचवलं होतं, पण तुळजारामांनी ते हसण्यावारी नेलं. घोरणं हा काय रोग आहे? वर मुलाला कळवायचं नाही अशी शपथ घातली. मग अंबाच रात्री जागायची, ते उताणे झाले की वळवायची. ती गेली, आणि त्यांना वळवणारं कुणी उरलं नाही.

मग रात्री नित्याला ऐकू यायला लागलं. सासऱ्यांच्या खोलीत घोरणं चाले, मध्येच तुटे. आणि त्या शांततेत बाईचा दबका आवाज... “...वा.” पुन्हा, “...वा.” खाट करकरे. घोरणं परत सुरू.

तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. मेलेली बायको नवऱ्याला ये म्हणतेय! खरं तर तमिळ बायको नवऱ्याला आदराने ‘वांगो’ म्हणजे ‘या’ म्हणेल, नुसतं ‘वा’ कशाला म्हणेल? पण भ्यालेल्या माणसाला व्याकरण कुठून सुचणार? सतीशकुमार तर ढाराढूर. एकदा उठून ऐकलं असतं तर... पण नाही. बायको म्हणाली ते त्याने खरं मानलं.

त्या दिवशी विभूती घेऊन आल्यावर, दिवेलागणीला ती सासऱ्यांच्या उंबऱ्यावर विभूतीची रेघ ओढू लागली. तुळजाराम खाटेवरून बघत होते.

“अंबा येते म्हणतेस?”

“बोलावतात तुम्हाला, मामा. नेतील.”

“येऊं दे की गे. मला बरंच वाटेल.”

नित्याला रडू फुटलं. “आणि मी काय करू, मामा? पुन्हा बाप घालवू?”

“अय्यो, रडू नको. भय वाटतं न तुला? ओढ. ओढ ती रेघ.”

रात्री तिने दार लोटलं आणि बाहेर दाराशीच चटई टाकून पडली. मार्गळी महिन्याचा गारठा. आत घोरणं चालू होतं. मग तुटलं. ती कान देऊन राहिली. ‘वा’ नाही. घोरणं आपणच सुरू झालं. नित्याने हात जोडले.

मग दारावर थाप पडली. हलकी. बाहेरच्या अंगाने... ती पडली होती त्याच बाजूने.

तिने पाहिलं. कुणी नव्हतं.

थाप... थाप... मग घाईने. मग दोन्ही हातांनी.

नित्याने पांघरूण डोक्यावर ओढलं.

आत घोरणं तुटलं.

...

थापाही थांबल्या.

रेघेने काम केलं, असं तिला वाटलं. कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली, पोरांनो.

पहाटे तुळजाराम खाटेवर उताणे होते. तोंड उघडं. अंग गार.

त्यांची थोरली बहीण राजम रडत आली. “अंबा होती तोवर कधी उताणं निजू दिलं नाही गे त्याला. मी राहायला आले की ऐकायची न, रात्रभर एकच. कुशीला व्हा... कुशीला व्हा...”

नित्याने मान वर केली. “व्हा म्हणजे काय, अत्तै?”

“कुशीला व्हा म्हणजे... कुशीवर वळ.”

पहिला शब्द कुजबुजीत विरत होता. दुसरा तिच्या तमिळ कानाला ‘वा’ ऐकू येत होता. नित्या उठली, त्या दाराशी गेली आणि खाली बसली.

बसल्यावर ते तिच्या डोळ्यांसमोर आलं. दाराच्या बाहेरच्या अंगाला, बसलेल्या बाईचं कपाळ टेकेल एवढ्या उंचीवर... कुंकू. ओलं. पुन्हा पुन्हा टेकून पसरलेलं.

राजम विधवा, तिच्या कपाळाला विभूती असते. नित्या टिकली लावते.