छपरातल्या काड्या

विश्वास ठेवा अथवा नका ठेवू. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या दारात घडलंय.

जपानमधलं, कानुमाच्या डोंगरातलं गाव. तेरा ऑगस्टची संध्याकाळ. पितर घरी यायचा दिवस.

कियोए मावशीचा नवरा तोकुजी मार्चमध्येच गेला होता. त्याचं हे पहिलंच येणं. मावशी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली होती.

पितरांना वाट दाखवायला दारात भांगेच्या सोललेल्या काड्या जाळतात. त्या बाजारातून आणायला धाकटा दीर मासुझो नेमका विसरला. छपरं शाकारणारा माणूस तो. दिवसभर नदीपलीकडचं एक जुनं छप्पर उतरवत होता. गवताखाली याच काड्यांचा थर असतो. त्यातलाच भारा त्याने आणून टाकला.

"काळ्या पडल्यात हो, भाऊजी."

"काडी ती काडी, वहिनी. दादा काय रंग बघून येणार आहेत?"

काड्या पेटल्या.

धूर वर गेलाच नाही… सरपटत घरात शिरला.

थोड्या वेळाने आतून आवाज आला.

टक… टक…

कुणी चिलीम झटकावी तसा.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. तोकुजीने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नैवेद्यातली त्याची आवडती वांगी तशीच होती. मुळ्याचं लोणचं मात्र… संपलेलं. तोकुजी मुळ्याला शिवत नसे.

तिने मासुझोला धरलं. "छप्पर कुणाचं होतं?"

"एका म्हाताऱ्याचं. एकटाच मेला, अकरा वर्षं झाली. मागे कुणी नाही."

"त्याच्या चुलीचा धूर प्यायलेल्या काड्या माझ्या दारात जाळल्यात तुम्ही. मग येणार कोण?"

मासुझोने उरलेल्या काड्या बाजूला काढून ठेवल्या.

सोळाच्या संध्याकाळी, निरोपाच्या आगीत, म्हातारा आला त्याच वाटेने जावा म्हणून त्यांनी उरलेल्या त्याच काड्या जाळल्या. टकटक थांबली.

"गेला बघा, वहिनी. सुटलो."

"आणि तुमचे दादा? ते तीन दिवस कुठे होते?"

मावशी कंदील घेऊन फाटकाबाहेर गेली.

धुळीत दोन अनवाणी पावलं होती. खोल रुतलेली. दाराकडे तोंड करून… एकाच जागी.

डाव्या पावलाला दोन बोटं नव्हती. तोकुजीची ती बोटं लाकूड कापायच्या यंत्रात गेली होती.

निरोपाची आग तर विझली होती, म्हणजे तोही परत गेला होता.

मावशी त्या पावलांपाशी बसली. "उपाशी परत पाठवलं हो मी त्यांना," एवढंच म्हणत राहिली.

याला सहा वर्षं झाली. दर वर्षी ती नव्या, पांढऱ्या काड्या जाळते. घरात कसलीच चाहूल लागत नाही.

परवा मी गेले होते. दारात उभी राहिले, तर तिने "ये" म्हटलं नाही.

आधी माझ्या डाव्या पावलाकडे बघितलं… पाचही बोटं दिसली, आणि तिचा चेहरा पडला.