हात ओले करून

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा लवकर सुटली, मोठे शब्द मला जमत नाहीत. साधंच लिहितो. यशोधननं जसं सांगितलं तसं, पदरचं काही न घालता.

यशोधन नागपूरचा. नोकरी लागून अमेरिकेत बेलव्ह्यूला गेला तेव्हा तिथं त्याच्या ओळखीचं कुणी नव्हतं. खोली मिळाली ती सौमित्रच्या अपार्टमेंटमध्ये. सौमित्र पुण्याचा, वयानं मोठा, तिकडे चांगला मुरलेला. तो स्वतः विमानतळावर घ्यायला आला, येताना जाड जाकीट घेऊन आला. पहिल्याच आठवड्यात यशोधन तापानं पडला, तेव्हा उशाशी बसून त्यानं मऊ भात भरवला. यशोधनची आई फोनवर म्हणायची, "सौमित्र आहे म्हणून मला झोप लागते रे बाबा." यशोधन एकुलता एक. तो सौमित्रला दादा म्हणायला लागला, आणि ते नुसतं तोंडातून नव्हतं.

दादाला नाद एकच. नदीत उभं राहून ट्राउट मासा पकडायचा. आमिष खरं नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो, त्याला ते फ्लाय म्हणतात. दादानं यशोधनला हे सगळं उन्हाळ्यात शिकवलं, अपार्टमेंटच्या हिरवळीवर. दोघं गळाचे रॉड घेऊन कोरड्या गवतावर दोरी फेकत बसायचे आणि वरच्या गॅलरीतून देशी पोरं ओरडायची, "अंकल, देअर इज नो वॉटर!"

"हसू दे त्यांना," दादा म्हणायचा. "मनगट सैल ठेव. घाई करू नकोस. माशाला वाटलं पाहिजे की हे आपल्यासाठीच आलंय."

आणि एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा सांगायचा. त्यांच्या नदीचा नियम असा, की मासा पकडला तरी सोडून द्यायचा. हातात घेण्याआधी हात पाण्यात बुडवायचे. कोरड्या हातानं धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बिचारा नंतर मरतो. मग एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला. तसंच धरून ठेवायचं, तो दमलेला असतो. त्याच्यात जीव आला की कळतं आपल्याला. तेव्हा बोटं उघडायची.

"मागच्या थंडीत मीच नदीत पडलो होतो," एकदा तो बोलून गेला. "कसाबसा बाहेर आलो."

"कसा रे?"

दादानं उठून चहा ठेवला.

जानेवारीतल्या एका शनिवारी दोघं निघाले. थंडीत मासेमारी भर दुपारीच करतात, कारण तेवढा एकच वेळ मासे जरा हलते असतात. घाटात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या. घाट उतरल्यावर बर्फ संपला आणि तपकिरी, उघडे डोंगर लागले. मग रस्ता नदीच्या कडेनं काळ्या कड्यांच्या दरीत शिरला.

"नागपूरचं ऊन खाल्लेला माणूस तू," दादा म्हणाला. "आज तुझी कुल्फी होणार."

"झाली तर आईला काय सांगशील?"

अशा बोलण्यावर दादा एरवी हसून स्टिअरिंगवर थाप मारायचा. त्या दिवशी त्यानं हीटर वाढवला आणि रस्त्याकडे बघत राहिला.

नदीवर धुकं होतं. वरून उतरलेलं नाही, पाण्यातूनच वर येणारं, चुलीवरच्या आधणासारखं. काठाला हातभर रुंद बर्फाची कड धरली होती. दुसरी एकही गाडी नव्हती. वास होता ओल्या दगडांचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, बरेच दिवस बंद ठेवलेल्या पेटीसारखा.

यशोधननं वेडर्स चढवले. वेडर्स म्हणजे छातीपर्यंत येणारी रबरी विजार, बूट घालून नदीत उभं राहायला. दादा मात्र जीन्समध्येच उभा होता.

"तू नाही येत?"

"गुडघा धरलाय यार. तू हो पुढे. तो खडक दिसतो ना, त्याच्या खालच्या अंगाला उभा राहा. तिथं पाणी संथ आहे, खोल आहे. थंडीत मासा तिथंच बसतो."

यशोधनला भरून आलं. ती जागा दादाची. तिथं तो कुणाला उभं राहू द्यायचा नाही, हे त्याच्या मित्रांकडून यशोधननं ऐकलं होतं. आणि आज ती आपल्याला दिली.

काठाची कड बुटानं फोडून तो पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. रबराच्या आतही पाय दाबले गेले, जणू नदी मापं घेत होती. त्यानं दोरी टाकली. पुन्हा टाकली. थोड्या वेळानं रॉडवरच्या कड्यांत बर्फ साचला, दोरी सरकेना. अशा वेळी रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं, बर्फ सुटतो. तो वाकला.

"अजून थोडा आत जा," काठावरून दादा म्हणाला.

तो आत गेला. पाणी कमरेला लागलं.

"अजून थोडा."

"दादा, खोल आहे रे..."

"मी आहे ना इथं."

यशोधन आणखी दोन पावलं गेला. पाणी छातीशी आलं. आता धुक्यात दादाची नुसती आकृती दिसत होती, लाल टोपी तेवढी स्पष्ट. पाण्याचा आवाज एकाएकी लांब गेल्यासारखा वाटला.

तेव्हा त्याला मागून ऐकू आलं. अगदी हळू. कुणीतरी पाण्यात हात बुडवले, वर काढले, पाणी निथळू दिलं. परत बुडवले.

त्याला वाटलं, दादा आला. राहवलं नसेल, आला. बरं वाटलं त्याला.

"दादा?" तो मान न वळवता म्हणाला. "काही लागलं नाही रे अजून."

"यशोधन." आवाज समोरून आला. काठावरून. लाल टोपी जागच्या जागी होती. "हलू नकोस."

मग त्याचा घोटा धरला गेला. बुटाच्या वर, रबरावरून, पण बोटं न् बोटं कळली. दुसरा हात पोटाखाली आला. पाय उचलले गेले आणि तो पाण्यात आडवा झाला, हनुवटीपर्यंत, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला. वेडर्सच्या गळ्यातून पाणी आत शिरलं. ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि छातीतून नुसती वाफ निघाली. धरणारा हात घट्ट नव्हता, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. हळुवार होता. काळजी घेणारा होता. पण त्यातून सुटणं शक्य नव्हतं.

काठावर दादा रडत होता. बोलत होता, पण यशोधनशी नाही. त्याच्या पलीकडे बघून बोलत होता.

"आणला ना मी... बोललो होतो तसा आणला. पुढच्या थंडीत दुसरा देतो म्हणालो होतो, दिला... याच्यामागं कुणी नाही. आई आहे एक. लांब असते ती... आता मला सोड. आता मी इकडे यायचं नाही ना?... सांग ना... झालं ना आपलं?"

गार पाण्यानं माणसाचं डोकं बधिर होतं म्हणतात. यशोधनचं उलट झालं. त्याला सगळं लख्ख दिसलं. विमानतळावरचं जाकीट. मऊ भात. हिरवळीवरच्या त्या सगळ्या संध्याकाळी. मनगट सैल ठेव, घाई करू नकोस. पिसं आणि दोरा. वर्षभर गुंडाळत बसला होता हा माणूस, एक एक वेढा, हसत हसत. आणि आपण धावत जाऊन गिळलं.

भीतीपेक्षा तेच जास्त लागलं त्याला. मरण आलंय हे कळत असताना त्याच्या मनात शब्द आले ते देवाचे नव्हते, आईचे नव्हते. "का रे दादा?" एवढेच होते. ते तो बोलला की नाही, त्याला सांगता येत नाही.

पाणी वाहत होतं. हात त्याला धरून होते. वाट बघत होते.

मग बोटं उघडली.

एवढंच झालं. बोटं उघडली आणि त्याचे पाय तळाच्या दगडांना टेकले. तो धडपडत खडकाला जाऊन चिकटला. वळून पाहिलं तर मागं कुणी नव्हतं. पण पाण्यात एक रेघ उठली होती, माणूस कमरेइतक्या पाण्यातून चालताना उठते तशी, आणि ती काठाकडे निघाली होती. काठाची बर्फाची कड चरचरली. एक पाऊल फुटलं. त्याच्या पुढं दुसरं.

"मी नाही..." दादा मागं सरकत होता. "तो बघ ना... तो तिथं आहे. तो घे... मी नाही रे... ठरलं होतं आपलं..."

तो पळाला. गाडीचं दार आपटलं. इंजिन सुरू झालं, खडी उडाली आणि आवाज दरीतून वर वर जात विरला. पाण्यात माणूस आहे, भिजलेला आहे, जवळपास वस्ती नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो गेला.

यशोधन बाहेर कसा आला, त्याला धड आठवत नाही. रस्त्यावर कपड्यांचा पत्रा झाला होता. जनावरांचा चारा नेणाऱ्या एका म्हातारीनं पिकअप थांबवला, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि एलन्सबर्ग गावातल्या हॉस्पिटलात पोचवलं. "एकटाच गेला होतास का रे पोरा?" तिनं विचारलं. त्यानं हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोलीस अधिकारी त्याला घ्यायला आला. सौमित्रची गाडी घाटमाथ्यावर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत सापडली होती. सौमित्रचा पत्ता नव्हता. यशोधनची बॅग गाडीत होती, पासपोर्टसकट. त्यानं येऊन ती ओळखायची होती.

यशोधननं रात्रभर ठरवलं होतं, दादा दिसला की विचारायचं. शिवी द्यायची नाही. फक्त विचारायचं. आता विचारायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि ही फसवणूक त्याला पहिलीपेक्षा मोठी वाटली.

गाडीभोवती ताजा बर्फ होता, सपाट, पुसून काढल्यासारखा. ड्रायव्हरच्या बाजूला पावलाची एक खूण नव्हती. काचांवर बर्फ होता, पण तो आतून. ड्रायव्हरची सीट कोरडी, दादाची लाल टोपी तिच्यावर. शेजारची सीट भिजून काळी पडली होती, आणि तिचा बेल्ट लावलेला होता. रिकाम्या सीटवर नीट, ताणून, खटक्यात बसवलेला.

"तुमच्याबरोबर तिसरा कोण होता?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"कुणी नाही."

"मग हा बेल्ट कुणासाठी लावला त्यानं?"

तेवढ्यात अधिकाऱ्याचा वायरलेस खरखरला, तो बोलत बोलत आपल्या गाडीकडे गेला. "बॅग घे तुझी," जाताना म्हणाला.

बॅग त्याच सीटच्या पायाशी होती, पण तिचा पट्टा बेल्टखाली अडकला होता. यशोधननं ओढून पाहिला. निघेना. रिकाम्या सीटवरचा बेल्ट सैल असायला हवा होता, पण तो सैल नव्हता. कशावर तरी ताणलेला होता.

त्यानं खटका दाबला.

बेल्ट सुटला आणि गाडी हलकेच वर उचलली गेली, त्या बाजूनं कुणी जड माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी. स्प्रिंग एकदा करकरली आणि थांबली.

यशोधन दारात उभा होता. बॅग छातीशी धरून, खाली मान घालून, तो एक पाऊल बाजूला झाला आणि त्यानं वाट दिली.