बोनटवरचे खड्डे

रिसोडच्या बाजारात सोयाबीनची ट्रॉली मागं सरकली आणि केनवडच्या हरीओमच्या जीपचं बोनट खरवडून गेली. समोरच शालिग्रामभाऊंचं गॅरेज होतं. तिथं मास्क लावून कुणी एका गाडीचं दार घासत होतं. पेंटर कुठं आहे, असं हरीओमनं विचारलं. मास्क खाली आला... आणि तो पुढचं बोलणंच विसरला.

"पेंटर समोरच उभी हाये," ती म्हणाली.

ती मालकाची मुलगी, अंजू. अख्खं काम एकटीनं अंगावर घेण्याची तिची ही पहिलीच वेळ. पण निळा रंग मारला, की तो ओला असतानाच बोनटच्या मधोमध बारीक खड्डे उमटत — देवीचे व्रण असावेत तसे. तिनं कॉम्प्रेसरमधलं पाणी काढलं, गाळणी बदलली, सगळं घासून पुन्हा रंग मारला. पुन्हा तेच. आता बिघडलं तर जीप अकोल्याला जाईल आणि तू स्प्रेगनला हात लावायचा नाहीस, असं बापूंनी, म्हणजे शालिग्रामभाऊंनी, बजावलं.

हरीओम मात्र रोज सकाळी येई. कधी जीप पाहायला, कधी... जीपच पाहायला.

कॉम्प्रेसर बिघडला असता तर खड्डे सगळीकडे पडले असते. मग मधोमधच का? तिथं कुणी हात तर लावत नसेल? सांजेला बोनट पुसून ठेवून दुसऱ्या सकाळी अंजू दाराआड थांबली. मारुतीचं दर्शन घेऊन हरीओम आला. तेलाशेंदराचं बोट त्यानं बोनटला टेकवलं, डोळे मिटून हात जोडले, मग रुमालानं ठिपका पुसून काढला. शेंदूर गेला; तेल राहिलं. आणि तेलावर रंग ठरत नाही, बाजूला सरतो.

"हे कायले करून राह्यले तुमी?"

तो दचकला. "तुमच्या हाताले यश यावं म्हून..." मान खाली घालून पुटपुटला, "जीपसाठी नाही मागत मी देवाले."

राग यायला हवा होता. आला नाही. मारुतीराया पावतो, पण त्याचं तेल देवळातच राहू द्या, असं तिनं हळूच सांगितलं आणि त्याला हात मागं बांधून लांब उभं केलं. बोनट साबणपाण्यानं धुतलं, वाळवलं, कोरं फडकं थिनरमध्ये भिजवून पुन्हा पुसलं. बापू येऊन उभे राहिले. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि स्प्रेगन उचलली.

रंग पसरला... नितळ. एकही खड्डा नाही. बापूंनी वाकून, डावी-उजवीकडून पाहिलं.

"अकोल्यावाल्याईनं आता इकडं यावं," ते म्हणाले, आणि आल्यागेल्याला हाका मारून लेकीचं काम दाखवू लागले.

रंग वाळला तरी हरीओम किल्ली हातात घेऊन तसाच उभा होता.

"जीप नेल्यावर... मी इथं कायले येऊ?"

अंजूनं मास्क वर ओढला, पण डोळ्यांतलं हसू काही झाकलं नाही.

"उद्या तिच्यातच तुमच्या आईले बसवून आणा," ती म्हणाली. "बापूशी बोलाले."